बटणापर्यंत न पोहोचणारा हात

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलांचे डोळे बिघडणार नाहीत ना? आणि अभ्यासाचे काय? नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ‘समुराई’ आणि ‘मीडिया’ छापाचे संच घरोघरी आले तेव्हाही हेच दोन प्रश्न होते. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाचे संच भारतात विकायला घेतले तेव्हाही तेच होते, आणि आज सहावीतला मुलगा हातातल्या पडद्यावर मान मोडून बसतो तेव्हाही तेच आहेत. प्रश्न खोटे आहेत असे नाही. पण आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. ज्या मुलाला ते बटण दाबताच येत नाही, त्याने काय करायचे?

तो काय करतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तो बघतो. थोरला भाऊ खेळतो, शेजारची पोरे खेळतात, आणि हा बाजूला उशीला टेकवलेला किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो. गाडी आपटली की सगळ्यांच्या आधी ओरडतो, कारण खेळ त्याला पाठ झालेला असतो. घरातल्यांनाही वाटते, बघण्यात रमतोय ना, पुष्कळ झाले. बघण्यात रमणे आणि खेळणे यांत केवढे अंतर आहे, हे त्याला विचारायचे कुणाला सुचत नाही.

हातात धरायच्या खेळाचे यंत्र बनवणाऱ्यांनी माणसाच्या हाताचा विचार केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट इतका बारीक विचार फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आला असेल. निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई या जपानी अभियंत्याने १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’च्या खिशातल्या खेळावर अधिकाच्या चिन्हासारखे एक बटण बसवले. डावा अंगठा न उचलता चारही दिशांना जाता यावे, ही त्यामागची युक्ती. १९८९ साली आलेल्या ‘गेम बॉय’वर तेच होते, आणि चीनमधून आलेल्या, आपल्याकडे रस्त्यावर मिळणाऱ्या असंख्य नकलांवरही तेच होते. अंगठ्याची नेमकी जागा, दोन बटणांमधले अंतर, दाब किती लागावा, सगळे मोजूनमापून केलेले. फक्त तो अंगठा गृहीत धरलेला आहे. दोन हात आहेत, दोन्ही हातांत वजन पेलण्याइतकी ताकद आहे आणि अंगठे सांगितलेले ऐकतात, एवढे धरूनच यंत्राचा साचा ओतला जातो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा हात बटणाच्या दिशेने निघतो, पण वाटेत फसतो. पुढे जातो, मागे येतो, आणि पोहोचलाच तर एकदम तीन बटणांवर पडतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीतली गोष्ट उलटी. तिथे पुष्कळदा बोटे बराच काळ हलत राहतात, पण दंडात आणि खांद्यात बळ उरत नाही. ‘निन्टेन्डो स्विच लाइट’ हे यंत्र २७५ ग्रॅम वजनाचे आहे. तुम्हाआम्हाला ते हातात असल्याचे जाणवणारही नाही; त्या मुलाला ते अर्धा मिनिट उचलून धरणे अशक्य होते. रेल्वेच्या अपघातात एक हात गमावलेला तरुण असतो, पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा असतात. प्रत्येकाची अडचण वेगळी. तरी या सर्वांची वाट एकाच जागी अडते, आणि ती जागा बोटाच्या पेराएवढी आहे.

आता त्या बटणाखाली असते काय, ते पाहू. एकदा ते उघडून पाहिले की पुढची सगळी गोष्ट सोपी वाटू लागते.

वरची प्लास्टिकची कळ काढली की खाली रबराची एक छोटी घुमटी दिसते. घुमटीच्या पोटात काळी, कार्बनची टिकली असते. तिच्या बरोबर खाली, सर्किट बोर्डावर, दोन पट्टे असतात. दोन फण्या एकमेकींच्या दातांत घालून ठेवाव्यात, पण एकीने दुसरीला शिवू नये, तसे. बटण दाबले की टिकली दोन्ही पट्ट्यांवर बसते आणि त्यांची गाठ पडते. सोडले की रबर वर येते, गाठ सुटते. बस, बटण म्हणजे एवढेच. यंत्राच्या मेंदूला ती गाठ पडल्याचे कळते; ती अंगठ्याने पाडली, कोपराने पाडली की हनुवटीने, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्या दोन पट्ट्यांपासून दोन तारा बाहेर काढल्या आणि हातभर लांब, हवी तिथे, हव्या त्या आकाराची कळ जोडली, तरी यंत्र तितक्याच इमानाने उडी मारते किंवा गोळी झाडते. मूळ बटण जागच्या जागी चालूच राहते. म्हणजे भावालाही खेळता येते.

तारांची दुसरी टोके थेट कळीला न जोडता यंत्राच्या कडेला एक सॉकेट बसवायचे. जुन्या वॉकमनला इअरफोन लावायचे साडेतीन मिलिमीटरचे भोक असायचे ना, तेच, मोनो प्रकारचे. अपंगांसाठी बनणाऱ्या बाहेरच्या कळींना जगभर हीच पिन असते. त्यामुळे एकदा सॉकेट बसले की डोक्याने दाबायची, पायाने दाबायची, फुंकरीची, अशी कोणतीही कळ त्यात खोचता येते. मूल वाढते, त्याचा आजार बदलतो, आज जो हात चालतो तो दोन वर्षांनी चालेलच असे नाही. कळ बदलायची, यंत्र पुन्हा उघडायचे नाही.

बाहेरची कळ परदेशातून मागवली तर एकेकीला काही हजार रुपये पडतात. ही किंमत ऐकून आईबाप तिथेच थांबतात. पण कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात दाराच्या घंटीचे बटण मिळते, तेही हेच काम करते. दाबले की गाठ पडते, सोडले की सुटते. बिघडलेल्या संगणकाच्या माऊसमध्ये टक् आवाज करणारा मायक्रोस्विच असतो, तोही उत्तम, कारण त्याला दाब फारच थोडा लागतो.

भाईंदर पूर्वेला खारीगाव आहे. मीरा-भाईंदरची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. एवढ्या अवधीत शेतांच्या आणि मिठागरांच्या कडेने इमारतींची रांग लागली आणि जुनी गावे त्या रांगेच्या आत सापडली. इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त होत, आता बहुतेकांच्या पाट्यांवर मोबाइल आला आहे. अशाच एका गाळ्यात मागे मी तास-दीड तास बसलो होतो. ओळखीतल्या एक बाई मुलीला घेऊन तिथे आल्या होत्या. मुलीला सेरेब्रल पाल्सी. सोबत एक ‘ब्रिक गेम’ होता, विटा रचायचा. गाड्यांच्या शर्यतीसकट शंभर खेळ असल्याचा दावा करणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कारागिराने तो हातात घेतला, सुरू केला, दोन-चार बटणे दाबून पाहिली.

“वहिनी, यात दुरुस्त काय करायचं? हा तर चालू आहे.”

“भाऊ, तो चालू आहे. तिला चालवता येत नाही.”

तो क्षणभर गप्प राहिला. त्याच्या धंद्यात वस्तू बिघडलेली असते आणि माणूस ठीक असतो. वस्तू ठीक असूनही ती त्या माणसासाठी नाही, हे गिऱ्हाइकाचे दुखणे त्याच्यापुढे बहुधा पहिल्यांदाच आले असावे. समजायला मात्र त्याला वेळ लागला नाही. काय हवे ते बाईंनी कागदावर काढून आणले होते. शर्यतीच्या खेळात डावे आणि उजवे, दोनच बटणे लागतात. तेवढीच बाहेर काढायची.

ते काम कसे झाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण करू पाहणाऱ्याला ते उपयोगी पडेल. सेल आधी काढले. (ज्या यंत्रात मोबाइलसारखी लिथियमची बॅटरी असते तिथे तिची जोडणी पहिल्याप्रथम सोडवायची, त्या बॅटरीला तापलेले टोक लागले किंवा भोक पडले तर आग लागते, आणि ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नव्हे.) मग मागचे स्क्रू, मग बोर्ड. बटणाखालच्या काळ्या पट्ट्यांवरच तार जोडावी असे नवख्याला वाटते. पण कार्बनवर सोल्डर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला डाख, धरत नाही. तो गोळी होऊन घरंगळतो. म्हणून पट्ट्यापासून निघालेली तांब्याची रेघ डोळ्यांनी माग काढत जायची, सोयीची जागा निवडायची आणि तिच्यावरचा हिरवा मुलामा पात्याने अलगद खरवडायचा. खाली तांबे चकाकले की त्यावर राळ लावायची आणि डाखाचा पातळ थर द्यायचा. तारेच्या टोकालाही तसाच. मग दोन्ही एकत्र आणून आयर्नचे टोक दोन सेकंद टेकवायचे. पंचवीस वॅटचे साधे आयर्न पुरते. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेला डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. टोक जास्त वेळ टेकले तर तांब्याची रेघच बोर्डावरून उखडून येते, आणि मग आयर्नपेक्षा डोक्याचे तापमान वाढते. शिसे आहे म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि काम झाल्यावर हात धुवायचे.

एक गोष्ट कारागिराने मल्टिमीटर लावून आधी तपासली, आणि ती तपासायलाच हवी. काही यंत्रांत सर्व बटणांचे एक टोक एकत्र असते. जुन्या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या संचाच्या कंट्रोलरमध्ये तसे आहे. तिथे सर्व सॉकेटांना एक तार सामायिक चालते. पण ‘गेम बॉय’सारख्या यंत्रात आठ बटणे आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर बसवलेली असतात. तिथे सगळ्यांची एक बाजू आंधळेपणाने एकत्र बांधली तर उडी मारायला जावे आणि खेळच थांबावा, अशी गत होते. जिथे जाळी असेल तिथे प्रत्येक सॉकेटला त्याच्या स्वतःच्या दोन तारा. शंका असेल तरीही तसेच करावे. तार काही महाग नाही.

तारा जोडल्यावर त्यांच्यावर गरम गोंदाचा एक थेंब. मूल पिन ओढणारच. ओढ गोंदाला बसली पाहिजे, डाखाला नव्हे.

घंटीचे बटण मात्र चालले नाही. ते मुलीच्या हाताला लहान पडले. हात जोरात यायचा, बोट घसरायचे. दोनदा पाहून कारागिराने ते बाजूला ठेवले, भंगारातून एक माऊस काढला, त्याचा मायक्रोस्विच उचकटला आणि प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाखाली बसवला. झाकणाची एक कड चिकटपट्टीने बिजागरीसारखी धरली. झाकणावर कुठेही हात पडला की टक्. दुसरे झाकण मुलीच्या डाव्या गुडघ्याजवळ ठेवले, कारण तिचा गुडघा हातापेक्षा जास्त ऐकतो हे तिच्या आईला ठाऊक होते. खरे तर त्या दुपारचे सर्वांत मोलाचे तांत्रिक ज्ञान तेच होते, आणि ते गाळ्यातल्या कुणाही पुरुषाजवळ नव्हते.

मुलीने गाडी आपटली. पुन्हा आपटली. पाचव्या-सहाव्या खेपेला ती एका गाडीला चुकवून गेली आणि तिने मान वळवून पाहिले, आपण पाहिले की नाही ते पाहायला. कारागिराने मजुरी घेतली. मला ते फार बरे वाटले. दयेपोटी केलेले काम माणूस एकदा करतो. मजुरी घेऊन केलेले काम दुसऱ्या गिऱ्हाइकासाठीही करतो.

हा काही खारीतला शोध नव्हे. निन्टेन्डोनेच १९८९ मध्ये हातांशिवाय चालणारा कंट्रोलर काढला होता. छातीवर बांधायचा, हनुवटीने दिशा द्यायची आणि नळीत फुंकून किंवा ओढून बटणे दाबायची. तो दुकानांत मांडून विकला गेला नाही, कंपनीकडून मागवावा लागे. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मोठ्या कंपन्यांनी या बाजूला फारसे पाहिले नाही आणि हे काम अमेरिका-युरोपातल्या हौशी कारागिरांनी आपापल्या टेबलावर, आयर्न घेऊन चालवले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. दोन मोठी बटणे आणि पाठीमागे साडेतीन मिलिमीटरच्या सॉकेटांची रांग. २०२३ मध्ये सोनीनेही आपला ‘अ‍ॅक्सेस’ आणला. सॉकेटे तीच, जी हौशी लोक वर्षानुवर्षे भोक पाडून बसवत होते. शंभर डॉलरच्या घरातली ही यंत्रे उत्तमच आहेत. पण त्यांना जोडायच्या कळी वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि ती मोठ्या संचांसाठी आहेत. वाढदिवसाला मिळालेल्या, दोनशे-चारशे रुपयांच्या हातातल्या खेळासाठी नव्हेत. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांच्या हातात मात्र असेच खेळ असतात.

मग इथे अडते कुठे? ज्ञान नाही म्हणावे, तर ते आहे. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. तिला आता ‘अडॅप्ट’ म्हणतात. त्यांची कन्या मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या टंकलेखन एका बोटाने करतात, आणि शीर्षक तिथूनच आले आहे. कोणत्या मुलाचा कोणता स्नायू भरवशाचा आहे हे सांगणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट या शहरात आहेत. दुसरीकडे ग्रँट रोड स्टेशनाबाहेर लॅमिंग्टन रोड आहे, म्हणजे कागदोपत्रीचा डॉ. भडकमकर मार्ग. तिथे सॉकेट, पिन, मायक्रोस्विच, डाख सगळे एका फेरीत मिळते. हाजी अली आणि लॅमिंग्टन रोड यांच्यामध्ये टॅक्सीचे थोडेसेच भाडे आहे. पण थेरपिस्टला आयर्न धरता येत नाही, कारागिराला स्नायूंची भाषा येत नाही, आणि दोघांची गाठ घालून देणारे कुणी नाही. बोर्डावरच्या त्या दोन फण्यांसारखे दोघे एकमेकांच्या दातांत बसलेले आहेत आणि एकमेकांना शिवत नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूने आहे. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता आले पाहिजे, असे त्याच्या तिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. २०१६ च्या आपल्या कायद्यातही करमणूक आणि क्रीडा यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. पण ‘साधन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाकाची खुर्ची, कुबडी, श्रवणयंत्र येते. शिबिरात वाटायला आणि फोटो काढायला तीच बरी दिसतात. एका मुलाच्या गुडघ्याजवळ ठेवायचे डब्याचे झाकण शिबिरात कसे वाटणार? ते प्रत्येक मुलासाठी वेगळेच करावे लागते, म्हणून ते गल्लीतल्या गाळ्यातच व्हायला हवे. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे वर्ग असतात. तिथल्या पोरांना सरावासाठी तेच ते दिवे लुकलुकवण्याचे सर्किट देण्यापेक्षा असे एक काम द्यावे. डाख नीट बसला की नाही, हे परीक्षक सांगण्याच्या आधी खेळणारे मूल सांगेल.

अडचण वाढते आहे ती दुसऱ्याच बाजूने. जुनी यंत्रे उघडत होती. आताच्यांना तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, आत गोंद असतो, बोर्ड नखाएवढे झालेले असतात. बटणाऐवजी जिथे दांडी असते तिथे काम अधिक किचकट आहे, कारण दांडी नुसती गाठ पाडत नाही, ती कार्बनच्या पट्टीवर सरकून कमी-जास्त कल मोजते. तिथे दोन तारांनी भागत नाही. काचेवर बोट फिरवायच्या खेळात तर बटणच नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले, ते चांगलेच झाले. पण त्या चर्चेत मोडलेली वस्तू जोडण्याचा हक्क असतो. न मोडलेली वस्तू आपल्या हाताला जुळवून घेण्याचा हक्क क्वचितच ऐकू येतो. आज तरी ज्याला हे करायचे आहे त्याने स्वस्त, बटणांचा, स्क्रूने उघडणारा खेळ निवडावा. हमीची मुदत संपलेला असेल तर अधिकच बरा.

आणि खारीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी एक सूचना. खाडीची दमट, खारी हवा तांब्याला आणि पितळेला सोडत नाही. डाखाच्या जोडावर मुलामा खरवडलेली जागा उघडी राहिली तर तिच्यावर नेलपॉलिशचा एक हात फिरवावा. पावसाळ्यात सॉकेटमध्ये पिन तशीच खोचून ठेवली तर गणपतीपर्यंत ती हिरवट पडते आणि मग कळ मध्येच लागते, मध्येच लागत नाही. मूल बिचारे आपलाच हात चुकला असे समजते. खेळ झाला की पिन काढून ठेवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा स्पिरिटच्या कापसाने पुसावी.